अबोला

पुष्य नक्षत्राच्या पावसाला आमच्याकडं म्हातारा म्हणतात आणि त्याच्या आधीच्या पुनर्वसूच्या पावसाला तरणा. तरणा वाऱ्यासकट अंगावर धावून येतो आणि बघता बघता निघून जातो. म्हातारा सावकाश येतो, दिवसभर रिपरिप लावतो. त्याच्यात जोर नसतो, पण जमिनीत मुरतो तो हाच. अर्थात हे पाऊस पडणाऱ्या मुलखातलं झालं. आम्ही माणदेशातली माणसं. सह्याद्रीवर ओतून रिकामे झालेले ढग आमच्या डोक्यावरनं नुसतेच पुढं जातात. तरण्यानं तोंड दाखवलं नाही आणि म्हाताऱ्याची वाट बघून डोळे शिणले, अशीच वर्षं मी जास्त बघितली. तरी जुलैची एकोणीस-वीस तारीख आली की मान आपोआप वर जाते. जन्माची सवय, ती आता मोडत नाही.

यंदा म्हातारा आलाय. सकाळपासनं बारीक लागून राहिलाय. मी ओट्यावर घोंगडं पांघरून बसलोय आणि माझ्या शेजारी आबा बसलाय. त्याच्या हातात कपबशी आहे, चहा कधीच गार झाला. मधनंच तो विचारतो, "बाजरी उगावली का रं?" मी म्हणतो, "उगावली." थोड्या वेळानं तो पुन्हा विचारतो, मी पुन्हा सांगतो. सकाळपासनं आमची बाजरी आठ-दहा वेळा उगवली.

आळीतनं जाणारा परका माणूस म्हणेल, बघा, जुने दोस्त कसे बसलेत. ते खरंही आहे. पण मधली अठ्ठेचाळीस वर्षं हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता आणि त्याला कारण मी होतो. त्याच्या डोक्यातनं ते कारण आता गेलं. माझ्या डोक्यातनं जात नाही. म्हणून लिहायला बसलो.

त्याचं खरं नाव इथं लिहीत नाही. सगळी आळी त्याला आबा म्हणते, तेच बरं. ज्याची गोष्ट त्याची परवानगी घ्यायला हवी, आणि ती घ्यायची वेळ मी घालवली.

आमची आळी म्हणजे सोळा घरं. तेव्हा सगळी धाब्याची. मृगाच्या आधी पांढरीची माती आणून माळवदावर पसरायची आणि तुडवून घट्ट करायची, नाहीतर पहिल्याच पावसात घर गळायचं. आबाचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच सामाईक भिंत. आमच्यात खलबत्ता वाजला की त्यांच्या फळीवरची भांडी हलायची. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, रात्री कोण खोकतंय, कुणाचं बाळ रडतंय, सगळं दोन्हीकडं ठाऊक. माती आम्ही दोघं मिळून आणायचो आणि दोन्ही माळवदं एकच असल्यासारखी तुडवायचो.

आम्ही एकाच सालातले. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा भरायची. कावडी निघाल्या की त्यांच्यामागं आम्ही पोरं चालत निघायचो. पायात काही नसायचं. एका वर्षी आबाच्या मामानं त्याला नवी चप्पल घेतली होती. डोंगर चढताना दगड असा तापलेला की पाय टेकवेना. आबा खाली बसला, डाव्या पायातली चप्पल काढली आणि माझ्यापुढं टाकली. एक त्याला, एक मला. एक पाय सुखात आणि एक भाजलेला, असे लंगडत आम्ही शंभूमहादेवापुढं जाऊन उभे राहिलो. त्या चपलेची गोष्ट मी माझ्या नातवंडांना कितीदा तरी सांगितली. पुढची सांगितली नाही.

त्यांच्याकडं खिलारी बैलांची जोडी होती. आमच्याकडं एकच बैल, तोही वयात गेलेला. सावडीनं त्यांची जोडी आमचं रान नांगरून द्यायची आणि आमची माणसं त्यांच्या खुरपणीला, काढणीला जायची. बेंदराला त्या बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायचा मान आम्हा दोघांचा. एक शिंग त्याचं, एक माझं. माझ्या हाताला तो रंग दोन-तीन दिवस राहायचा आणि मी मुद्दाम हात नीट धुवायचो नाही.

मग 1972 साल आलं.

त्या दुष्काळावर पुष्कळांनी लिहिलंय, मी जास्त सांगत नाही. विहिरींचे तळ दिसले. परदेशातनं आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनला मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. सरकारी कामं निघाली. कुठं खडी फोडायची, कुठं ताली घालायच्या. आमच्या गावाला पाझर तलाव मंजूर झाला. जमीनदार आणि मजूर, ज्यांची एरवी एका पंगतीला पानं मांडली जात नव्हती ते सगळे, एकाच रांगेत पाट्या उचलायला लागले. दुपारी सुकडी वाटायचे. मोठी माणसं आपली सुकडी फडक्यात बांधून घरी पोरांना न्यायची.

मी आदल्या वर्षी जुनी अकरावी पास झालो होतो. अक्षर चांगलं. म्हणून मला मस्टर लिहायचं काम मिळालं. कामावर किती माणसं, कोण आलं, कोण नाही, हे सगळं माझ्या हातात. पुढं 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणं हा माणसाचा हक्क ठरला. तेव्हा तसं नव्हतं. मस्टरवर नाव असलं तर घरात चूल पेटायची. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या हातात एवढी सत्ता कुणी देऊ नये, असं मला आज वाटतं. पण हे म्हणणं म्हणजे अंगावरचं दुसऱ्यावर ढकलणं झालं. माझ्या वयाची दुसरी पोरंही मस्टर लिहीत होती आणि ती सगळीच काही तसं वागली नाहीत.

मुकादमानं मला वाट दाखवली. कामावर नसलेल्यांची नावं चालू ठेवायची, त्यांचा पगार तो उचलणार आणि त्यातलं थोडं मला देणार. मी ते करायला लागलो. आमच्या घरात सहा तोंडं होती, हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. कारण खोटं नाही. पण त्या पैशातनं मी शर्टासाठी कापडही घेतलं होतं, हे मी स्वतःला सांगायचं टाळायचो.

आबाच्या घरची तीन नावं मस्टरवर होती. तो, त्याची आई आणि धाकटी बहीण. बहीण मध्येच मामाच्या गावाला गेली आणि मी तिचं नाव चालूच ठेवलं. आबाला हे माहीत नव्हतं. त्याच्या घराच्या नावावरचे पैसे मी आणि मुकादम खात होतो आणि संध्याकाळी मी त्याच्याबरोबर गप्पा मारत घरी येत होतो.

1973 च्या फाल्गुनात एक दिवस अचानक साहेबांची जीप आली. मस्टर मागितलं, नावं पुकारली. बहिणीच्या नावाला कुणी ओ दिली नाही. साहेबांनी आबाला विचारलं. तो सरळ बोलला, "मामाच्या गावाला गेलीया साहेब. बारा दिस झालं."

साहेब माझ्याकडं वळले. "मग नाव कुणाच्या सांगण्यावरून लावलंस?"

मुकादम माझ्याकडं बघत होता. पळभरच वेळ होता मला. मी म्हणालो, "त्यांनीच सांगितलं, साहेब. घरची अडचण आहे, नाव चालू ठेव म्हणाले."

आबाची आई ओरडली, "न्हाई हो सायेब, खोटं हाय ते!" तिचं कुणी ऐकलं नाही. मस्टर लिहिणाऱ्याच्या शब्दापुढं पाटी उचलणाऱ्या बाईचा शब्द कोण धरतो? आबा काहीच बोलला नाही. त्यानं फक्त माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी विसरलो असतो. एखादी गोष्ट नीट कळत नसली की माणूस कसा बघतो, तसा तो बघत होता.

तिन्ही नावं कमी झाली. पुढं दोन महिने त्यांना काम मिळालं नाही. माणसं कशीतरी जगली, पण बैलांना काय घालणार? कडबा सोन्याच्या भावानं. चैत्रात एका पहाटे मला भिंतीतनं आवाज आला. तो बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा काढून खुंटीला अडकवत होता. मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिलो. संध्याकाळी तो बाजारातनं परत आला, खांद्यावर नुसती दोन दावी. त्या साली बैल कातड्याच्या भावानं जात होते. कुणी विकत घेतले आणि पुढं त्यांचं काय झालं, हे आळीत कुणी कुणाला विचारत नव्हतं.

तेव्हापासनं तो माझ्याशी बोलला नाही.

अबोला ही गावाकडची फार शिस्तीची गोष्ट आहे. शहरात पटलं नाही तर माणूस जागा बदलतो. आमच्यात भिंतच सामाईक, जाणार कुठं? तेव्हा फक्त तोंड बंद करायचं, बाकीचं सगळं चालू ठेवायचं. आमच्या आळीत असे चार-पाच अबोले कायम चालू असायचे, आणि प्रत्येकाची रीत ठरलेली असायची. बायकांना अबोला लागू नसे. माझी आई त्यांच्यात विरजण मागायला जायची, त्याची बायको आमच्यात सुई-दोरा मागायला यायची. पोरं दोन्ही घरांत जेवायची. काही निरोप असला तर तो भिंतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं आपल्या बायकोला सांगायचा. "उद्या कालव्याचं पाणी येणार हाय म्हणं!" असं तो त्याच्या सोप्यात ओरडून बोलला की ते माझ्यासाठी असायचं. निदान मी तसं समजायचो.

माझे वडील गेले तेव्हा तो पहिल्यांदा आला. तिरडीचं सामान त्यानं आणलं, खांदा दिला, तिसऱ्या दिवशी राखेला आला. सगळं करून माझ्यापुढनं निघून गेला. त्याची म्हैस विहिरीत पडली तेव्हा कासरा धरायला मी होतो. दोघांनी मिळून म्हैस वर काढली. एकाच दोराला दोन माणसं जोर लावताना काहीतरी आवाज तोंडातनं निघतोच. तो तेवढाच त्याचा आवाज. हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत तो वाढायला असला तर माझ्या पानात बुंदी तेवढीच पडायची जेवढी सगळ्यांना. हात कधी आखडला नाही आणि नजर कधी वर झाली नाही.

त्याची आई माझ्याशी बोलायची. दिसलो की विचारायची, "जेवलास का?" मी हो म्हणायचो. त्याहून जास्त ती कधी बोलली नाही. ती ज्या दिवशी गेली, त्या दिवशी मला वाटलं आता कुणीतरी मला शिव्या द्याव्यात.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी तलावावर जे होते त्यांनी अर्धंमुर्धं ऐकलं, त्यातल्या निम्म्यांनी माझं खरं धरलं, आणि दोन पावसाळ्यांत सगळे विसरले. पुढच्या पिढीचा समज असा की आमचं बांधावरनं वाजलं. मी तो समज कधी मोडला नाही. मी पुढं सोसायटीचा सचिव झालो. गावाचे पैसे माझ्या हातात राहिले, आणि तिथं मी एक पैसा इकडचा तिकडं केला नाही, हेही सांगायला पाहिजे. लोक मला चोख माणूस म्हणत. त्यानं एकदा तोंड उघडलं असतं तर हे सगळं बसलं असतं. त्यानं ते का उघडलं नाही, याचा मी खूप विचार केला. दया असेल, किंवा मला तो त्या लायकीचाही समजत नसेल. दोन्ही उत्तरं मला झोप लागू द्यायची नाहीत.

आणि मी? संक्रांतीला तिळगूळ घेऊन आळीत फिरायचो. त्याच्या दारात जायचो, त्याच्या आईच्या हातावर, पुढं बायकोच्या हातावर तिळगूळ ठेवून परत यायचो. तो आत असायचा. दोन पावलांचं अंतर. अठ्ठेचाळीस संक्रांती गेल्या.

2021 साल, कोरोनाचं दुसरं वर्ष. मृग निघून दोन-तीन दिवस झाले असतील. सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. आबा आपल्या दारातनं बाहेर आला, सरळ आमच्या ओट्यावर चढला, माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "काय रं, तळ्यावर यायचं न्हाई का आज?"

माझ्या हातापायांतलं बळ गेलं. मला वाटलं, सुटलो. म्हातारपणी माणसाचं मन निवतं म्हणतात, तसं झालं असेल. मी त्याचा हात धरला. तोंडातनं शब्द फुटेना. तो माझ्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "रडतुयास कशापायी? मस्टर लिवायचं हाय तुला."

तेवढ्यात त्याची सून धावत आली. "तात्या, जरा बघा हं त्यांच्याकडं. आबा विसरत्यात आता. काल मला वैनी म्हणाले." तिनं त्यांना डॉक्टरकडं नेऊन आणलं होतं. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

म्हणजे मला माफी मिळाली नव्हती. त्याच्या डोक्यातनं 1973 चा फाल्गुन पुसला गेला होता, आणि त्याच्या अलीकडचा मी, मस्टर लिहिणारा, त्याचा दोस्त, तेवढा शिल्लक राहिला होता.

तेव्हापासनं तो रोज येतो. आणि तेव्हापासनं मी या कोड्यात आहे की हे जे मला मिळतंय ते माझं आहे का. मार्चात गारांचा पाऊस येतो, तोही पाऊसच. अंगावर पडतो, भिजवतो. पण त्याच्या भरवशावर कुणी पेरत नाही. आबाची ही दोस्ती मला तशी वाटायची. त्यानं मनानं दिली असती तर गोष्ट वेगळी. जो द्यायचं की नाही ठरवू शकतो, तोच देऊ शकतो. माझ्यावर रागवायचा हक्क त्याचा होता, तो त्यानं आयुष्यभर सांभाळला, आणि आजारानं तो त्याच्या हातातनं काढून घेतला. मी मात्र त्या आजारावर फायदा खातोय.

लहानपणी आमच्या गावात एका वाण्याचं दुकान जळालं. सगळ्यांच्या उधारीची वही त्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे वडील त्याच्याकडं गेले आणि आपली उधारी किती, ते सांगून आले. आई म्हणाली, त्यालाच आठवत नव्हतं, तुम्ही कशाला आठवण दिलीत? वडील म्हणाले, "वही त्याची जळली, माझी न्हाई." सगळेच काही गेले नाहीत. कोण गेले नाहीत ते वाण्याला कधी कळलं नाही, पण त्या लोकांना तर ठाऊक होतंच. ही गोष्ट मला लहानपणापासनं माहीत. तरी मी एवढी वर्षं गप्प बसलो, यावरनं शहाणपण रक्तातनं उतरत नाही हे सिद्ध व्हावं.

बायकोला मी सगळं सांगितलं. लग्नाला पंचेचाळीसहून जास्त वर्षं झालेली, आणि तिला हे पहिल्यांदा कळलं. ती बराच वेळ गवारीच्या शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "आता त्यांना सांगणार हाय म्हणता. त्यांना कशापायी सांगायचं? तुमचं वझं हलकं करायला त्यांच्या डोस्क्यावर ठेवायचं का?"

तिचं ऐकायला हवं होतं. मी ऐकलं नाही.

त्या वर्षीच्या हस्तात एका संध्याकाळी पाऊस उघडला होता. आबा जरा बरा वाटत होता. मी त्याला सगळं सांगितलं. फक्त धीर झाला नाही म्हणून "मी" असं म्हणालो नाही. म्हणालो, असा एक पोरगा होता, त्यानं असं असं केलं. आबानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दोस्तानं काय केलं मग?"

"काय न्हाई. बोलणं सोडलं."

"बराबर हाय." थोडा वेळ थांबून म्हणाला, "आन त्या पोरानं माफी मागिटली का?"

"न्हाई."

"मागाय पायजेल हुती." आणि मग एकदम माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, "तू नगं त्याच्या नादाला लागू."

मी तेव्हा सांगितलं, "आबा, तो पोरगा मीच." त्यानं माझ्याकडं बघितलं. तलावावर बघितलं होतं तसंच. मग त्याची नजर दुसरीकडं गेली. "बैलं कुठं गेली म्हणालास?" त्यानं विचारलं.

रात्री दोनच्या सुमाराला भिंतीपलीकडं गडबड ऐकू आली. आबा अंधारात परड्यात गेला होता, जिथं पूर्वी गोठा होता तिथं. आता तिथं पत्र्याचं न्हाणीघर आहे. तो भिंत चाचपत बैलांना हाका मारत होता. दोन्ही बैलांना, त्यांच्या नावानं. ती नावं मीही पन्नास वर्षांत घेतली नव्हती. सुनेनं आणि मी मिळून त्याला घरात आणला. तो लहान पोरासारखा रडत होता आणि का रडतोय ते त्याला सांगता येत नव्हतं. माझा गुन्हा त्याला आठवला नाही. त्याचं दुःख तेवढं आठवलं.

बायको मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्रीनंतर माझं मत बदललं. तोवर मी समजत होतो की विसरण्यानं फक्त माझी सुटका झाली. पण त्याचीही झाली होती. रिकामा गोठा, बाजारातनं एकट्यानं परत येणं, आईची त्या दिवशीची किंकाळी, हे सगळं त्यानं अठ्ठेचाळीस वर्षं वाहिलं आणि आता खाली टाकलं. माझी माफी मागायची हौस भागवायला ते पुन्हा त्याच्या हातात देणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करणं. त्याच्याकडं माफी मागायला मी उशीर केला आणि आता ती मागता येत नाही. याला उपाय नाही, असं मान्य करायला मला बरेच दिवस लागले. कीर्तनात ऐकलं होतं की पश्चात्तापानं सगळं धुऊन निघतं. निघत असेल. मला तसा अनुभव नाही.

पण वही माझी जळली नव्हती. आबाचा थोरला मुलगा गलाईच्या धंद्यात, तिकडं दक्षिणेत असतो. त्या दिवाळीला तो गावी आला. पाडव्याच्या दिवशी मी त्याला रानात घेऊन गेलो आणि सांगितलं. या वेळी "मी" म्हणूनच सांगितलं. बैलजोडीची आजची किंमत धरून पैसे बरोबर नेले होते, ते पुढं केले. त्याचा चेहरा पळभर त्याच्या बापासारखा झाला. मग तो उठून चालायला लागला. एक शब्द न बोलता.

दुसऱ्या दिवशी तो आमच्यात आला नाही. मी म्हटलं, बरोबर आहे, या घराचा अबोला आता पुढच्या पिढीत गेला. त्याला नसलेलं दुःख मी देऊन बसलो की काय, असंही वाटलं, आणि त्याचं उत्तर आजही माझ्याकडं नाही. ज्या आजीला तो कष्टाळू म्हणून ओळखायचा, तिच्यावर चोरीचा आळ आला होता आणि तो खोटा होता, हे त्याला कळायला हवं होतं, एवढं मात्र मी धरून आहे.

भाऊबीज झाल्यावर, परत निघायच्या आधी, तो ओट्याच्या खाली येऊन उभा राहिला. वर चढला नाही. म्हणाला, "तात्या, पैसं काय करू? ते नगंत. आबांना सांज झाली की घर कळत न्हाई. मी तिकडं, ती घरात एकटी. रोज त्यांना आत आणून सोडत जावा."

"सोडतो," मी म्हणालो.

"रोज," तो म्हणाला आणि गेला. त्यानंतर सणासुदीला येतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. चहा घेत नाही.

तेव्हापासनं मी रोज सोडतो. आमच्या ओट्यापासनं त्याच्या उंबऱ्यापर्यंत बारा-तेरा पावलं. माझे गुडघे धरलेत, त्याला पायरी दिसत नाही, त्यामुळं वेळ लागतो. गावाला मी पंढरपूरला गेलो तेव्हा दोन दिवस नातवाला हे काम लावून दिलं होतं. बाकी खाडा नाही. मस्टर आता माझंच आहे आणि त्यात खोटी हजेरी लावायची सोय नाही.

आताही दिवेलागण झालीय. लाइट गेलीय, म्हातारा अजून थांबलेला नाही. आबा दोनदा उठून बसला. मला लिहिणं बंद करून उठायला हवं. उंबऱ्यापाशी पोचलो की तो रोज मला विचारतो, "तू कुठं ऱ्हातूस रं?"

मी सांगतो, "ह्या भितीच्या पल्याड."

"मग येत जा की."